फौजदाराचे पाणी

६ डिसेंबर

चिरंजीवाने सांगितले आहे की माशाची रोजची नोंद ठेवा. खाण्याची, पाण्याची आणि गाळणीची. म्हणून ही वही काढली. पाणीखात्यातून निवृत्त होताना दोन कोऱ्या नोंदवह्या घरी आल्या होत्या, त्यातली एक. आल्या होत्या म्हणजे मी आणल्या होत्या. आता कोण विचारतो. पहिला रकाना वेळेचा, दुसरा पातळीचा, तिसरा शेऱ्याचा. शेऱ्याचा रकाना फार अरुंद आहे, पण रेघ ओलांडली म्हणून मेमो द्यायला इथे कोणी बसलेले नाही.

वेळ: सकाळी सात. पातळी: काठाखाली चार बोटे. शेरा: मासा आहे.

चिरंजीव परवा गेला. लांबची नोकरी, तिकडे एकच खोली, त्यात आणखी एक भागीदार. ही पाच फुटांची काचेची टाकी कुठे नेणार? "दोन-तीन महिने सांभाळा, बाबा. मग बघू." मी सरकारी खात्यात चौतीस वर्षे काढली. बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

८ डिसेंबर

माशाचे वर्णन लिहून ठेवतो, उद्या हरवला तर तक्रार देता यावी. पाठ काळी, पोट पांढरे, शेपूट लालभडक, लांबी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत. तोंड पेटीच्या झाकणाएवढे. दोन्ही बाजूंना लांबलचक मिशा. हिने त्याचे नाव फौजदार ठेवले होते. तेव्हा तो बोटाएवढा होता, ही होती, आणि टाकीत दोन सोनेरी मासेही होते. एका सकाळी ते दिसेनात. ही म्हणाली, "फौजदाराने त्यांची बदली केली." तेव्हापासून त्याच्यासोबत कोणाला ठेवत नाहीत. एकटाच असतो.

रोज संध्याकाळी टाकीचा एक फोटो पाठवायचा आहे. कुठे दाबायचे ते चिरंजीवाने जाताना तीनदा दाखवले. अट एकच, फोटो काढताना टाकीतला दिवा बंद हवा. म्हणे उजेडाचा माशाला त्रास होतो. मी म्हणालो, अरे, दिवा बंद केला की काचेत मासा कमी आणि मीच जास्त दिसतो. मागच्या दोरीवरचा बनियनसुद्धा दिसतो. तो म्हणाला, "चालेल, मला अंदाज येतो." उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे असेच चालणार.

११ डिसेंबर

खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला. "काय पाणीवाले, तुमचा फौजदार छत फोडून माझ्या मशीनवर पडला तर माप कुठून घेऊ? गळ्याचं की छातीचं?" हसण्यावारी नेले, पण घरी येऊन टाकीखालची फरशी हाताने चाचपली. कोरडी होती. जेवण झाल्यावर पुन्हा चाचपली.

टाकीच्या मागे दोन डबे टांगलेले आहेत, त्यांतून पाणी गाळून परत पडते. मासा बोटाएवढा होता तेव्हाचे डबे ते. आता पाण्याला पिवळट झाक आली आहे. आमच्या शुद्धीकरण केंद्रात असे पाणी दिसले असते तर साहेबांनी मला उभे आडवे घेतले असते. चिरंजीव म्हणतो, "दुकानातल्या बाईंना भेटा आणि मोठा फिल्टर ठरवा. कुठला ते तुम्हीच ठरवा, पाण्यातलं तुम्हाला जास्त कळतं." हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले. वहीत असावे म्हणून लिहिले.

१४ डिसेंबर

माशांच्या दुकानात जाऊन आलो. बाई पन्नाशीची असेल, बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. मी सगळे सविस्तर सांगायला लागलो तर म्हणाली, "काका, लांबी सांगा." सांगितली. "अहो, मग हा मासा नाही, ही म्हैस आहे. खाणं म्हशीचं आणि घाणही म्हशीची. त्या टांगलेल्या डब्यांनी काय होणार? चमच्याने गोठा धुताय तुम्ही."

तिने तीन प्रकार सांगितले. पहिला, टाकीच्या आत कोपऱ्यात बसवायचे मोठे स्पंज, ते दर आठवड्याला काढून साफ करायचे. दुसरा, टाकीखाली ठेवायचा बंद डबा. नळीने पाणी त्यात उतरते, स्पंजांतून आणि मातीच्या कड्यांतून फिरते आणि पंपाने वर येते. तो दीड-दोन महिन्यांनी उघडायचा. तिसरा म्हणजे टाकीखाली चक्क दुसरी टाकी. वरचे पाणी आपल्या वजनाने खाली उतरते, कप्प्याकप्प्यांतून गाळले जाते, पंप ते वर चढवतो. त्याकडे महिनोन्महिने बघावे लागत नाही. दुकानात त्याला संप म्हणतात. मी म्हणालो, संप आम्ही दोनदा केला, पदरात काही पडले नाही. ती हसली नाही. बहुधा सगळे हाच विनोद करतात.

"या माशाला तिसराच," ती म्हणाली. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

१६ डिसेंबर

विचार केला. झोप नाही.

खालची टाकी नको. वीज गेली तर वरचे पाणी खाली येऊन ओसंडेल आणि शिंपी पोहायला लागेल. बाई म्हणते तसे होत नाही, खाली जागा सोडलेली असते. जागा सोडलेली असते असे आमचे साहेबही म्हणायचे. बंद डबाही नको. बंद डब्यात आत काय चालले आहे ते कळत नाही. राहता राहिला पहिला, स्पंजांचा. दर आठवड्याला काम असते हे खरे, पण मला दुसरे काय आहे?

मी निवृत्त झालो त्या वर्षी केंद्रात आपोआप धुतली जाणारी गाळणी बसवली. आधी वाळूच्या थरांना उलटे पाणी सोडायला तीन पाळ्यांत तीन माणसे लागायची. आता एक घड्याळ लागते. निरोप समारंभात साहेब म्हणाले, तुमची जागा कोणीही भरू शकणार नाही. आणि खरेच भरली नाही, रद्द केली.

२० डिसेंबर

रोज सहा वाजता फोटो जातो आणि साडेसहाला फोन येतो. तो विचारतो, "पाणी कसं आहे? खाल्लं का?" मी सांगतो, एक दिवसाआड मूठभर कोळंबी. तो म्हणतो, "ते झालंच. वेळेवर खात जा." तो कोणाला सांगतो ते कळत नाही, माशाला तर वेळेवरच असते.

आज एक विचित्र गोष्ट झाली. फोनवर मधेच म्हणाला, "बाबा, चार दिवस दाढी केली नाही का?" याला कसे कळले? मग लक्षात आले. शिंपी. जिन्यात रोज भेटतो, त्याच्याकडे चिरंजीवाचा नंबर आहे, पूर्वी पँट अल्टर करायला द्यायचा. बरे, एक दाढी म्हणून ठीक. पण उद्या आणखी काय काय सांगेल? माणसाने घरातही पहाऱ्यात राहायचे का?

२१ डिसेंबर

दाढी केली. शिंप्याला जिन्यात मुद्दाम ओळख दिली नाही. तो म्हणाला, "वा, आज काय विशेष?" पाहा. बारीक लक्ष असते त्याचे.

२३ डिसेंबर

आज फौजदाराची सेवा केली. नवा फिल्टर ठरेपर्यंत जुन्याचे तरी नीट करू म्हटले. दोन्ही डबे उतरवले, उघडले. आत तपकिरी बुळबुळीत चिखल. किळस आली. चिरंजीव या विषयात अगदीच आळशी, वर्षभर धुतलेले दिसत नव्हते. नळाखाली धरून स्पंज पिळले, पुन्हा पिळले, शेवटी पांढरे झाले. आतली मातीची कडी न् कडी ब्रशने घासली. काच आतून पुसली. अर्धे पाणी काढून नळाचे ताजे भरले. पाणी असे झाले की मासा हवेत तरंगतोय असे वाटावे. चौतीस वर्षे गावाला पाणी पाजले त्याचा हात अजून शाबूत आहे.

फोटो पाहून चिरंजीव म्हणाला, "बाबा, खूश दिसताय." मी म्हणालो, पाणी बघ, पाणी.

वेळ: सहा. पातळी: काठाखाली चार बोटे. शेरा: उत्तम.

२५ डिसेंबर

पाणी दुधाळ झाले आहे. का ते समजत नाही. पुन्हा डबे धुतले.

२६ डिसेंबर

फौजदार वर येऊन तोंड उघडतो आहे. मिशा लोंबल्या आहेत. कल्ले लाल. कोळंबी टाकली, बाजूने गेली तरी पाहिले नाही. काचेवर टकटक केले की तो नेहमी येतो. आज आला नाही. हिला दवाखान्यात भेटायला गेलो होतो त्या शेवटच्या दिवशी मी कॉटच्या दांडीवर अशीच टकटक केली होती, का ते आता आठवत नाही.

चिरंजीवाला फोन केला. तो ऐकून घाबरला. म्हणाला, "बाईंना लगेच बोलवा. बाबा, तुम्ही बसा आधी. बसलात का?" मी बसलेलोच होतो.

२७ डिसेंबर

बाई कालच संध्याकाळी आली. एका काचेच्या शिशीत टाकीतले पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पिवळे राहायला हवे होते, गर्द हिरवे झाले. "डबे धुतले?" मी म्हणालो, दोनदा. "कशाने?" म्हणालो, नळाच्या पाण्याने, एकदम स्वच्छ. तिने कपाळाला ओला हात लावला.

"काका, माशाची घाण स्पंज नाही खात. स्पंजावर जी बुळबुळ होती ना, ते जिवाणू खातात. तुम्ही सगळी पलटण मारून टाकलीत. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन. जे उरले असतील तेही गेले."

क्लोरीन. ते मीच टाकायचो. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. त्यावर घर चालले, पोराचे शिक्षण झाले.

तिने क्लोरीन मारणारे थेंब टाकून पाणी बदलले, मग पिशवीतून तिच्या दुकानातला एक घाणेरडा स्पंज काढला आणि आमच्या डब्यात कोंबला. "हे विरजण. दुधाला लागतं तसं पाण्यालाही लागतं. याला हात लावायचा नाही. वासही घ्यायचा नाही." जाताना दारात थांबली. "चुका सगळ्यांच्या होतात. पण इतक्या मेहनतीने केलेली पहिल्यांदा पाहिली."

ती गेल्यावर आठवले. नोकरीला लागलो त्या वर्षी जुनी वाळूची तळी होती, संथ गाळणीची. वरच्या वाळूवर हिरवट थर साचायचा, मेस्त्री त्याला साय म्हणायचा. मी नवा, उत्साहात फावड्याने खरवडायला गेलो. मेस्त्री ओरडला, "साय काढलीस तर पुढं तीन दिवस गावाला पाणी सोडता येणार नाही. पाणी वाळू गाळत नाही रे गाढवा, साय गाळते." मला हे माहीत होते. चाळीस वर्षांपूर्वीपासून माहीत होते. मग मोठी यंत्रे आली, औषध आले, आणि मी विसरलो.

३० डिसेंबर

तपासायची शिशी आणि थेंब बाई ठेवून गेली आहे. शिशीतला हिरवा रंग कमी. चिरंजीवाचा फोन सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तिन्ही पाळ्या. एकदा तर पाऊण तास बोललो. माशावरून हिच्यावर आलो, हिच्यावरून तो लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढून बसला होता त्यावर. तो म्हणाला, "तुम्ही खालून शिव्या देत होतात आणि आई खालून लाडू दाखवत होती." असे झाले होते खरे.

३ जानेवारी

फौजदाराने कोळंबी खाल्ली. शिशी पिवळी. काचेवर टकटक केले तर आला, मिशी काचेला लावून उभा राहिला. मी त्याला म्हणालो, साहेब, चूक माझी, मेमो द्या. तो बराच वेळ पाहत होता.

फोन दोनदा.

९ जानेवारी

शेरा: ठीक. फोन एकदा, पाच मिनिटे.

१७ जानेवारी

शेरा: ठीक. फोन नाही. फोटो पाहिल्याची खूण आली. त्याला नवीन पाळी लागली आहे म्हणे, संध्याकाळची. पाळीचे मी काय बोलणार, मी स्वतः वर्षानुवर्षे पोराला झोपलेलाच पाहिला.

चष्म्याची काडी निखळली. दोरा बांधला.

२२ जानेवारी

पाच दिवसांत एक फोन. "सगळं ठीक ना?" ठीक. "फौजदार?" ठीक. "बरं मग, ठेवतो." ठीकला पुढे बोलायला काही नसते. बाईचा निरोप, फिल्टर ठरवलात का. अजून नाही, म्हणून सांगितले.

दुपारी टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. त्यालाही काम नाही. तो डावीकडून उजवीकडे जातो, वळतो, उजवीकडून डावीकडे जातो. मीही स्वयंपाकघर ते गॅलरी तेवढेच करतो. फक्त माझी काच दिसत नाही.

२५ जानेवारी

लिहायला लाज वाटते. पण नोंदवही खोटी लिहायची नाही हा आमच्या खात्याचा एकच नियम मी मोडलेला नाही.

आज फोनवर सांगितले की फौजदार दोन दिवस खात नाही.

फौजदार खात होता. सकाळीच सहा कोळंब्या गिळल्या.

२६ जानेवारी

फोन तीन. "डोळे कसे आहेत? अंगावर पांढरे डाग?" मी म्हणालो, डाग नाहीत, पण उदास वाटतो. एका कोपऱ्यात असतो. "किती दिवस?" म्हटले, बरेच दिवस.

हे काही सगळेच खोटे नाही.

३० जानेवारी

रोज फोन. आज सातवा दिवस मासा उपाशी आहे. प्रत्यक्षात जाड होत चालला आहे, फोटोत दिसू नये म्हणून त्याला खायला घालून कोपऱ्यात गेल्यावरच फोटो काढतो. चिरंजीव मात्र फोटोचे काही बोलतच नाही. आज म्हणाला, "बाबा, तोच स्वेटर किती दिवस?" शिंप्याने कहर केला आहे. संध्याकाळी खाली जाऊन त्याला सुनावले. "माझ्या घरातल्या खबरा पोहोचवायचा धंदा बंद करा."

त्याने टाचण्या तोंडातून काढल्या. "पाणीवाले, माझ्या स्वतःच्या घरात काय चाललंय ते मला माहीत नसतं."

"मग त्याला स्वेटर कसा कळला?"

"मला काय विचारता? बसा, स्वेटरला कोपरावर भोक पडलंय, रफू करून देतो."

बसलो नाही. उद्धट माणूस.

२ फेब्रुवारी

बाई न सांगता आली, चिरंजीवाने पाठवली. टाकीत एक कोळंबी टाकली. फौजदाराने ती पाण्याला लागायच्या आत गिळली आणि दुसरीसाठी वर तोंड करून उभा राहिला. मेला, तेवढेसुद्धा नाटक येत नाही त्याला.

बाईने माशाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी पुढच्या बोलण्याची तयारी करून बसलो. ती म्हणाली, "हा काही उपाशी नाही. तुम्ही जेवलात का?" मी म्हणालो, जेवेन. ती टाकीसमोरच्या खुर्चीवर बसली, उगीचच, पंधरा मिनिटे. म्हणाली, दुकानात दिवसभर पाण्याचा आवाज असतो, घरी गेल्यावर कानात शांतता वाजते. मग उठून गेली. चिरंजीवाला काय सांगणार ते मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

४ फेब्रुवारी

चिरंजीव म्हणाला, "बाबा, मी विचार केलाय. तुम्हाला हे झेपत नाही. चूक माझी आहे, तुमच्या गळ्यात बांधून आलो. बाईंच्या ओळखीच्या एका बागेत मोठं तळं आहे, तिथे त्याला घेतील. रविवारी माणसं येऊन घेऊन जातील."

मी हं म्हणालो. फोन ठेवला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मासा गेला की सहा वाजता कशाचा फोटो पाठवायचा, साडेसहाला कोणी का फोन करायचा? त्याने बोटाएवढा असल्यापासून वाढवलेला मासा, हिने नाव ठेवलेला, माझ्या खोट्यापायी जाणार. आणि मला तर तोही फोन राहणार नाही.

६ फेब्रुवारी

दोन दिवस काही लिहिले नाही. आज सकाळी फोन केला. तो पाळीवरून येऊन झोपला होता, आवाज जड होता.

"काय झालं? मासा गेला का?"

"मासा खातोय," मी म्हणालो. "कधीच थांबला नव्हता. मी खोटं बोललो."

पलीकडे पांघरूण बाजूला केल्याचा आवाज आला.

"का, बाबा?"

म्हणालो, "सगळं ठीक होतं. ठीक असलं की बोलायला काही राहत नाही."

मग तो म्हणाला, "ठीक असेल तर ठीक म्हणून सांगायला फोन करा ना. मी काय मोडलेल्या वस्तूंचाच मेकॅनिक आहे का?" हसला असावा. नाक ओढल्याचा आवाज आला, थंडीचे दिवस आहेत. "रविवारी माणसं नकोत ना मग?"

"नको."

"मग फिल्टर ठरवा आता. किती महिने लावताय? तो पाण्यात आहे, तुमच्या कमिटीत नाही."

७ फेब्रुवारी

दुकानात गेलो. बाईला सांगितले, तिसरा. खालची टाकी.

"नक्की? आठवड्याला उघडायचं काम गेलं तुमचं."

म्हणालो, माहीत आहे. माशाला जे लागते ते माशाला. मला काम उरावे म्हणून त्याने अर्ध्या स्वच्छ पाण्यात का राहायचे? ती म्हणाली, "हे आता पाणीखात्यातल्या माणसासारखं बोललात." मग म्हणाली, "तसं खालच्या टाकीतही वरचा जाड कपडा आठवड्याला बदलावा लागतो. आधी सांगितलं नव्हतं, तुम्ही लगेच हो म्हणाला असतात." बिलंदर बाई आहे.

१४ फेब्रुवारी

आज सकाळी काम झाले. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा चिकटवला, त्याच्या तळाला भोक पाडून नळी खाली सोडली. चिकटवलेले दोन दिवस वाळू द्यायचे, तोवर टाकी रिकामी आणि कोरडी. फौजदार न्हाणीघरात मोठ्या पिंपात आहे, त्याचेच पाणी, त्याचेच जुने डबे काठाला टांगून चालू. डब्यांना मी बोटही लावले नाही. पिंपावर फळी, फळीवर पाटा-वरवंटा, कारण हा उडी मारतो. मी अंघोळ स्वयंपाकघरात केली. काल रात्रीपासून झोप नाही. आज पाच वेळा जाऊन फळी उचलून पाहिले. पाचही वेळा तो माझ्याकडेच पाहत होता.

१५ फेब्रुवारी

पातळी: शून्य. ही नोंद चौतीस वर्षांत एकदाही केली नव्हती.

संध्याकाळी सहा वाजता सवयीने टाकीसमोर उभा राहून फोटो काढला आणि पाठवला. पाठवल्यावर ध्यानात आले. टाकीत मासा नाही, पाणी नाही, खडे नाहीत. दिवा बंद ठेवायचा नियमही पाळला होता, दिव्याची तारच काढून ठेवलेली आहे. नुसती कोरडी काच. काय मूर्खपणा. आता परत मागवता येत नाही.

साडेसहाला फोन आला. पाळीत सुट्टी घेतली असेल.

"छान आलाय फोटो, बाबा."

मी म्हणालो, हो का.

"चष्म्याला दोरा कधीपासून बांधलाय? आणि डोळे सुजलेत. झोपला नाहीत का?"

"कसा झोपणार? फौजदार न्हाणीघरात, पिंपात. उडी मारली तर?"

"न्हाणीघरात? तो टाकीत नाहीये?"

"नाही. कालपासून टाकी रिकामी आहे."

न्हाणीघरातून पाणी पडत असल्याचा आवाज येत होता, तोही त्याला ऐकू गेला असावा. थोड्या वेळाने तो म्हणाला, "वेळेवर खात जा, बाबा." मी म्हणालो, हो, खातो.

फोन ठेवल्यावर टाकीसमोर गेलो. खोलीतला दिवा मागे होता. कोरड्या काचेत मी होतो, दोरीवर बनियन होता, स्वेटरच्या कोपराचे भोकसुद्धा स्पष्ट दिसत होते. हात वर केला तर काचेतल्याने वर केला.

उद्या टाकी भरायची. क्लोरीन मारायचे थेंब आधी, मग पाणी, मग फौजदार.

त्याआधी दाढी. चष्मा दुरुस्तीला. आणि सकाळी दुकान उघडताच खाली जाऊन शिंप्याची माफी मागायची, स्वेटर रफूला देऊन.